ज्याचा फ्यूज त्याच्या खिशात

लाईट आली आणि पातं फिरलं.

त्याच्या आधीचं मी इतक्यांदा आठवून पाहिलं आहे की त्यातलं खरं किती आणि आठवून आठवून गुळगुळीत झालेलं किती, हे आता मलाच सांगता येणार नाही. सोमवारची दुपार होती. लाईट जाऊन बराच वेळ झाला होता. शेडमध्ये पत्र्याच्या फटीतून येणारा उजेड आणि त्यात तरंगणारा भुसा. कटर मशीनवरची जाळी मी काढून ठेवली होती, पाना हातात होता, बोथट पातं उतरवून दुसरं चढवायचं होतं. नटाला पाना लावायला वाकले आणि तेवढ्यात शेडमागच्या बोळात एक करडू ओरडलं. करडूच ते, पण छातीला काय कळतं. पान्हा फुटला. मी मागं सरले, मनगट छातीवर दाबून धरलं, ओल मागं जाते का बघत उभी राहिले. त्याच वेळी पंखा फिरला, पॉलिशच्या खोलीतला महामायाचा मोबाईल चार्जिंगला लागल्याचा टुंग आवाज आला, आणि जिथं माझी बोटं असायची तिथं ते गोल पातं आधी घुं करून आणि मग दिसेनासं होऊन फिरायला लागलं. पाना मात्र माझ्या हातातच होता. म्हणजे मी वाचले होते. पण मला त्या क्षणी वाचल्यासारखं वाटलं नाही. मला वाटलं, हे कसं फिरलं? कारण फ्यूज माझ्या खिशात होता. मी ॲप्रनच्या खिशात हात घातला. होता. पांढऱ्या चिनी मातीचा, तळहातात मावणारा, दोन पितळी जिभांचा. मग बोर्डाकडं पाहिलं. तिथंही होता.

आमची शेड भागीची आहे. नांदेडच्या एमआयडीसीत पार मागच्या बाजूला, भाडं एकाला झेपत नाही म्हणून चौघांनी मिळून घेतलेली. मलप्पा दारं-चौकटी करतात, रविकिरण किचनची कपाटं, महामाया सगळ्यांच्या कामाला पॉलिश करते, आणि मी पाळणे आणि पांगुळगाडे करते. कटर मशीन एकच आणि ती सगळ्यांची. सगळ्यांची मशीन म्हणजे कुणाचाच भरवसा नाही, म्हणून शेडचा एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही पण कुणी मोडत नाही: ज्याला पात्याजवळ हात न्यायचा त्यानं बोर्डावरचा फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. काम झालं की त्यानंच बसवायचा. दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, टेबलावर ठेवायचा नाही. बटन बंद करायच्या भानगडीत कुणी पडत नाही, बटनाला कुणाचाही कोपर लागतो. रविकिरण म्हणतो, बायको माहेरी गेली तरी चालंल ताई, फ्यूज खिशात पायजे. त्यामुळं बोर्डावरची रिकामी खाच दिसली की शेडमधल्या माणसाला कळतं, कुणाचा तरी हात आत आहे. रिकाम्या खाचेत दुसरा फ्यूज बसवणं म्हणजे... त्याला शब्द नाही आमच्याकडं. वेळच आली नव्हती.

जादाचे फ्यूज बोर्डाखालच्या बिस्किटाच्या डब्यात असतात. आणि त्या डब्याशेजारी, पोत्यावर बसून, मलप्पा भाकर खात होते. लाईट जायच्या आधी तेच चौकटीची फळी कापत होते. लाईट गेली तशी त्यांनी फळी काढून घेतली, हात धुतले आणि डबा उघडला. मशीन फिरल्याबरोबर ते उठले, बटन दाबून बंद केलं, आणि माझ्या हाताकडं पाहिलं. आधी हाताकडं, मग तोंडाकडं. त्या बघण्यात मला काय दिसलं ते मी तेव्हाच ठरवून टाकलं. भाकरीचा घास त्यांच्या गालात तसाच होता. मी खिशातला फ्यूज काढून त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, हा माझ्या खिशात होता, मग तिथं कुणी बसवला? त्यांनी घास गिळला. "म्या न्हाई बसवला." मी म्हणाले, "तुमच्याशिवाय इथं होतं कोण?" रविकिरण कामासाठी बाहेरगावी गेलेला, महामाया पॉलिशच्या खोलीत. आवाज चढवला नव्हता मी. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, बाई घाबरली म्हणून सोडून दिलं असतं त्यांनी. मी अगदी शांतपणे विचारलं, जसं कोर्टात विचारतात.

माझे बाबा, भीमा, बिलोलीच्या एका आरा मशीनवर लाकडं चढवायला होते. चढवायलाच, मशीन चालवायला त्यांना आयुष्यभर मिळाली नाही. मालकाचा माणूस सावध करायला न ओरडताच मशीन सुरू करायचा आणि अंगावर आलेल्या ओंडक्याला बाबा पाठ द्यायचे. नंतर नंतर ते कमरेला एक बाभळीची पाचर खोचून ठेवायला लागले. ओंडका अडकला की आधी जाऊन चाकात स्वतःची पाचर ठोकायचे आणि मगच आत हात घालायचे. लोक हसायचे. म्हणायचे, भीम्याला आमच्यावर इस्वास न्हाई. बाबा हसून म्हणायचे, हाये ना, पर पाचरीवर जरा जास्त हाये. घरी आल्यावर हसायचे नाहीत. मला मांडीवर घेऊन माझी बोटं एकेक करून दाबायचे आणि म्हणायचे, दुसऱ्यानं बंद केलेली मशीन बंद नसती बाई. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा. बाबांनी मला सोनं दिलं नाही, ती पाचर दिली. ती माझ्या कमरेला दिसत नाही इतकंच. कुणी जास्त गोड बोललं की ती टोचते. कुणी पाणी देताना भांडं खाली ठेवून दिलं की टोचते. मलप्पांनी कधी भांडं खाली ठेवलं नव्हतं, हे खरं आहे. पण ते मला पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणतात, महामायाला नाव घेऊन हाक मारतात. मी शेडमध्ये आले तेव्हा ते रविकिरणला म्हणाले होते, बाईमाणसानं घासकाम करावं, कटरला कशाला हात लावावा. मी ऐकलं होतं. ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणाले असतील, असं मला आता, सोमवारनंतर, वाटायला लागलं.

एकदा वाटायला लागलं की सगळंच त्याच बाजूला वाहायला लागतं. शेडच्या दारामागं एक खिळा आहे, त्याला मी आल्याबरोबर ओढणी, बांगड्या आणि मंगळसूत्र अडकवते. गळ्यात, हातात लोंबणारं काही ठेवायचं नाही, हाही आमचाच नियम. सासूबाई, पार्वतीबाई, एकदा डबा द्यायला आल्या तर खिळ्यावरचं मंगळसूत्र बघून दिवसभर बोलल्या नव्हत्या. पण मलप्पा उदगीरकडचे लिंगायत, त्यांच्या गळ्यातलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं होत नाही. ते दोरा आखडून लिंग छातीशी घेतात आणि वरून उपरणं घट्ट आवळतात. रोज, मशीनवर उभं राहण्याआधी, पाठ फिरवून. मला ते बघायला आवडायचं. मी माझ्या लेकीला, मित्राला, झोळीत बांधते तसं बांधायचे ते, इतकं जपून. आणि सोमवारनंतर तेच मला असं दिसायला लागलं: मला खिळा, ह्यांना उपरणं. पाठ का फिरवायची पण? माझ्यापासून काय झाकायचं?

महामायानं त्यात तेल ओतलं. हात पुसत ती बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं, आणि मलप्पा नळावर गेल्यावर म्हणाली, "तू लई साधी हाईस. म्हातारं आतून जळून राहिलंय. तुझे गाडे हैदराबादला चाललेत, त्याच्या दाराला कोण विचारतंय? आता सगळे लोखंडी घेतेत." ती पुढं म्हणाली की अंगावरचं पोर असताना कटरवर उभंच कशाला राहायचं, तिचा भाऊ बसलाय रिकामा, तो लाकूड कापून देईल, मी फक्त जोडायचं. ते ऐकताना मला बरं वाटत होतं आणि रिक्षात बसल्यावर एकदम वाटलं, भाऊ? भावाचं आज कसं काय निघालं? पॉलिशच्या खोलीतून बोर्डापर्यंत किती पावलं आहेत? तिच्या पायात चप्पल नसते, आवाज होत नाही. रिक्षा गुरुद्वाऱ्याच्या गर्दीत अडकली होती, शेजारी एक बाई मांडीवर झोपलेलं मूल घेऊन बसली होती आणि मी महामायाची पावलं मोजत होते. महामाया, जिनं माझ्या बाळंतपणात माझे अर्धवट पाळणे घासून ठेवले होते.

घरी मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझं शेडमधलं शेवटचं वाक्य ठरलं असतं. मित्रा वर्षाची होईपर्यंत थांब, असं नवऱ्याचं, आनंदराजचं, म्हणणं होतंच. सासूबाईंचं तर, ती शाळेत जाईपर्यंत. दोघांशी न भांडता मी तो दिवसाचा मधला तुकडा मिळवला होता. दूध काढून वाटीत झाकून ठेवायचं, तिची मान हुंगायची आणि ती दुसरीकडं बघत असताना निघायचं. तेवढ्या तुकड्यात मी कुणाची आई नसते, फक्त माझे हात असते. एकदा सांगितलं की तो तुकडा गेला. आणि माझे हात? मित्राला रात्री कुशीवर वळवायचे ते हात, तिच्या पांगुळगाड्याच्या चाकाची धार बोटानं चाचपून बघायचे ते. त्यासाठी तरी सांगावं. पण मग जाऊन काय सांगणार? कुणीतरी मला मारायला बघत होतं? लाईट आली, एवढंच तर झालं होतं.

मंगळवारी मी गेले तर मलप्पा शेडच्या बाहेर, लिंबाखाली बसून हातकरवतीनं कापत होते. चौकटीची इतकी जाड फळी हातकरवतीनं. आत या म्हणून कुणी म्हणालं नसेल का, म्हणून मी महामायाकडं पाहिलं. ती म्हणाली, म्हणले मी, ऐकत न्हाईत. मी दारात गेले. त्यांनी मान वर केली नाही. करवत ओढत ओढतच म्हणाले, "तुम्ही मशीनवर आसताना म्या आत यायचा न्हाई. उद्या अजून काई झालं तर पुन्हा माझंच नाव." मग म्हणाले, "पुढल्या म्हयन्यात लातूरला लेकाकडं जाऊन राहतो. माझा भाग कुणाला बी द्या." घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हणू शकले असते, तसं नाही हो काका. त्याऐवजी माझ्या मनात आलं, खरा माणूस असता तर भांडला असता. आणि लगेच दुसरं: भांडला असता तर मी म्हणाले असते, चोराच्या उलट्या बोंबा. म्हणजे त्यांनी काहीही केलं तरी चालणारच नव्हतं मला. हे मला दिसत होतं. दिसूनही थांबवता येत नव्हतं. त्या दिवशी मी फ्यूज उपसला तर खाचेत भुशाचा गोळा कोंबला, दर मिनिटाला बोर्डाकडं बघत राहिले, आणि एका गाड्याची तीनही चाकं वाकडी कापली.

संध्याकाळी आनंदराज रेल्वेच्या ऑफिसातून लवकर आला. मी मित्राला पाजत होते. तो शेजारी येऊन बसला, तिच्या डोक्यावर ठेवलेला माझा हात त्यानं उचलला आणि बोटं उलटीपालटी करून बघायला लागला. "ह्या बोटांचा विमा काढला पाहिजे, धम्मा," तो म्हणाला, हसत. किती साधी थट्टा. मी हात ओढून घेतला. ह्याला आजच बोटं का सुचली? सोमवारी ह्याचा फोन आला होता का शेडवर कुणाला? मलप्पांच्या ओळखीचं कुणी ह्याच्या ऑफिसात आहे का? ह्याला मी घरात पाहिजे, सासूबाईंनाही पाहिजे. मित्रानं दूध सोडून माझ्याकडं पाहिलं. लेकरांना आईच्या दुधातून भीती कळते असं म्हणतात. मला माहीत नाही. तिनं हात उचलून माझ्या ओठांवर ठेवला, जसं काही मी बोलायला लागले होते आणि तिला ते थांबवायचं होतं. तिचा तो इवलासा घामेजला तळवा तोंडावर असताना मी माझ्या नवऱ्यावर संशय घेत होते. अशी मी कधी झाले? की मी अशीच होते, बाबांच्या मांडीवर बोटं मोजून घेत होते तेव्हापासूनच?

बुधवारी सकाळी मी निघायच्या घाईत होते. मित्रा एका मांडीवर, तोंडात तिच्याच फ्रॉकचं टोक. आनंदराजनं दोरीवरून माझा ॲप्रन काढला, घडी घातली, खिसे चाचपले आणि पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "आज काही नाही ना ह्यात? त्या दिवशी ते मिळालं का तुला?" मी विचारलं, काय. "ते गं, पांढरं चिनी मातीचं. रविवारी ॲप्रन धुवायला घेतला तर खिशात निघालं. मित्रा तोंडात घालील म्हणून मोरीच्या फळीवर ठेवलं होतं, आणि सोमवारी आठवणीनं तुझ्या खिशात परत टाकलं. म्हटलं, शेडवर शोधत असतील."

मी म्हणाले, "मिळालं."

शनिवार समोर आला. पात्यात अडकलेला तुकडा काढून झाला होता, जाळी बसवली होती, फ्यूज बसवायचा राहिला होता आणि सासूबाईंचा फोन: पोरीचं अंग तापलंय. मी तशीच धावत सुटले होते, ओढणी खिळ्यावरच ठेवून. फ्यूज उपसल्याचं मला जे लख्ख आठवत होतं, बोटांना लागलेली त्या पितळी जिभांची ऊब, ती शनिवारची होती. शनिवारी मशीन चालू होती. सोमवारी लाईट जाऊन इतका वेळ झाला होता. पितळ गार असायला हवं होतं. सोमवारी मी बोर्डाजवळ गेलेच नव्हते. मी खिसा चाचपला होता, खिशात तो होता, माझ्याच अंगानं कोमट झालेला, आणि मला पुरेसं वाटलं होतं. रिक्षातून रविकिरणला फोन लावला. तो शनिवारी संध्याकाळीच भोकरला कपाटं बसवायला गेलेला. "हाव ताई, तुम्ही फ्यूज घिऊनच पळाल्या की. म्या डब्यातला दुसरा लावला. काहून, काय झालं?" काही नाही म्हणाले. फोन ठेवला. सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण ज्याच्यावर बोट रोखून धरलं होतं तो माणूसच समोरून निघून गेला आणि धरलेला हात तसाच हवेत राहिला, असं काहीतरी झालं. कुणीच नाही म्हटल्यावर भीती ठेवायची कुठं? नवऱ्यानं आठवणीनं खिशात टाकलेल्या फ्यूजच्या पोटात?

मलप्पा लिंबाखालीच होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले, भुशात, आणि सगळं सांगितलं: ताप, धुणं, फळी, खिसा. त्यांनी करवत थांबवली नाही. संपलं तेव्हा म्हणाले, "मंजे कुणीच न्हवतं." मी म्हणाले, नव्हतं. मी चुकले, काका. "मग आता कुणावर?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारल्यासारखं होतं. ते उठले, सदरा झटकला, आणि आत आले. दाराशी पाठ फिरवून दोरा आखडला, उपरणं आवळलं. पॉलिशच्या खोलीच्या दारात महामाया बोळा हातात धरून उभी राहिली.

त्यांना पातं बदलायचं होतं. बोर्डाजवळ गेले, फ्यूज उपसला. मी माझी फळी उचलायला वळले होते तर ते माझ्यासमोर येऊन उभे. हात पुढं केलेला, तळव्यावर फ्यूज. "धरा," म्हणाले. मी म्हणाले, ज्याचा त्याच्या खिशात असतो. "माह्या खिशाला भोक हाय," ते म्हणाले, आणि फ्यूज माझ्या हातात सोडून मशीनकडं गेले. डब्यात दुसरे फ्यूज होते हे त्यांना माहीत होतं, मलाही. मी बोर्डाकडं पाहिलं. खाच रिकामी होती. पुन्हा पाहिलं. मग बोर्डाला पाठ लावून उभी राहिले, म्हणजे माझ्या अंगावरून गेल्याशिवाय कुणाला तिथं पोचता येणार नाही.

त्यांनी जाळी काढली, पाना लावला, आणि उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. सावकाश. मला वाटलं, गरजेपेक्षा सावकाश. हा विश्वास आहे की मला तोलून बघताहेत? की शिक्षा देताहेत, महामायादेखत? त्यांच्या पाठीवरून मला काहीच वाचता येत नव्हतं. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. पिशवीत, दारामागच्या खिळ्याखाली. घरचा असणार. मित्राला पुन्हा ताप, किंवा पडली, किंवा नुसतं वाटीतलं दूध संपलं. छाती भरून आली, ओल ॲप्रनमधून बाहेर यायला लागली. वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. महामाया म्हणाली, "घे की गं, मी थांबते इथं." मी मान हलवली. मलप्पांनी मागं वळून पाहिलं नाही, पण पाना मध्येच थांबला होता. ते ऐकत होते. मी हलले नाही. मग पाना पुन्हा फिरायला लागला.

मुठीत फ्यूज कोमट होत गेला. ही ऊब माझीच, मी स्वतःला सांगत होते, पितळाची नाही, ही माझीच. फोन वाजत होता. नट आवळला गेला, जाळी बसली, आणि मलप्पांनी हात बाहेर काढून, न बघता, माझ्या दिशेनं पसरला. भुशानं माखलेला तळवा. मी आधी बोटं मोजली. मग मूठ उघडली.